चंपत वल्द देवा

माझे आजोबा पुंजाजी, म्हणजे आमचे आबा, यांना झोपेचं वरदान होतं. जऊळक्यात स्टेशनाच्या अलीकडे त्यांचा मळा होता. मोटेची विहीर, वांगी, मेथी, कांदा. दिवसभर माणूस राब राब राबायचा, पण अंग टेकायला जागा दिसली की बोलता बोलता घोरायला लागायचा. मोट सोडून भाकरी खायला बसले की घास हातात घेऊन झोपायचे. एकदा कीर्तनात बुवा "अरे जागे व्हा, जागे व्हा" म्हणून ओरडले, तेव्हा सगळा मांडव बुवांकडे न बघता आबांकडे बघत होता. आमच्या घरात या गोष्टी कौतुकाने सांगतात. मला कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. हाच माणूस पुढे आठ-नऊ वर्षं बैलबंडीवर डोळा न मिटता बसला. का बसला, ते सांगतो.

वाशीमच्या बाजाराला भाजी न्यायची तर आगगाडी दाराशी होती, पण आबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "तिले थांब म्हनलं तं थांबत नाई, अन चाल म्हनलं तं चालत नाई," असं त्यांचं मत. त्यापेक्षा आपली बैलबंडी बरी. टोपल्या भरायच्या, पहाटे बैल जुंपायचे, गावाबाहेर पडेपर्यंत कासरा हातात धरायचा आणि मग टोपल्यांच्या मधे आडवं व्हायचं. पुढचं काम चंपतचं.

चंपत हा डावा बैल. गोऱ्हा होता तेव्हा सारखा दावं तोडून पळायचा, म्हणून आजीने त्याचं नाव चंपत ठेवलं. आबांनी तो मेडशीहून आणलेला. त्याचा बाप देवाला सोडलेला सांड होता, म्हणजे सगळ्या गावाचा आणि कोणाचाच नाही. उजवा बैल बुध्या बुधवारी जन्मला होता, याखेरीज त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चंपत जाईल तिकडे तो जायचा. चंपतला मात्र वाशीमचा रस्ता पाठ होता. समोरून बंडी आली की तो आपणहून बाजू द्यायचा आणि बाजारात आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा. बंडी थांबली की आबांना जाग यायची.

साल सत्तावीस की अठ्ठावीस असेल. रस्त्यावर मोटारी दिसायला लागल्या होत्या, आणि मोटारीत बसलेल्या लोकांना बंडीवर झोपलेल्या लोकांचा फार राग यायचा. म्हणून वाशीमच्या नाक्यावर एक शिपाई उभा राहून चालान करू लागला. कंदील नाही, चालान. बाजू सोडली, चालान. हाकणारा झोपला, चालान.

त्या दिवशी उन्हं वर आली होती. बंडी रस्त्याच्या कडेने शिस्तीत चालली होती आणि आबा वांग्यांच्या टोपल्यांत पाय खुपसून घोरत होते. शिपाई परमुलखातला, हिंदी बोलणारा. त्याने बैल धरले आणि बंडीवर काठी ठोकली.

"ए, उठ! गाडी कौन हाक रहा है?"

आबा धडपडून उठले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि अर्धवट झोपेत तर खोटं सुचतही नाही.

"चंपत," ते म्हणाले.

"चंपत किसका?"

"देवाचा, साहेब. देवाले सोडेल—"

"देवा. ठीक है. रहनेवाला कहाँ का?"

"आता जऊळक्याचा. पह्यले मेडशीचा होता."

शिपायाने लिहून घेतलं: चंपत वल्द देवा, म्हणजे देवाचा मुलगा चंपत. बंडीवर दुसरा माणूस नव्हता, तेव्हा समोरचा माणूसच चंपत, असं त्याने धरलं. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? पुढच्या बाजारी कचेरीत हजर व्हायला सांगून त्याने बैल सोडले.

तुम्ही म्हणाल, आबांच्या लक्षात कसं आलं नाही? त्याला कारण आहे कोंडवाडा. आमच्याकडे कोणाचं ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की त्याला कोंडवाड्यात घालतात. पकडलेलं असतं ढोर, पण सोडवायला मालक जातो, ओरडा मालक खातो आणि "चुकलं" असंही मालकच म्हणतो. ढोराच्या वतीने उभं राहायचं हे कुणब्या-माळ्याच्या रक्तातच असतं. आबांच्या लेखी वाशीमची कचेरी म्हणजे जरा मोठा कोंडवाडा.

पुढच्या बाजारी ते चंपतला घेऊन वेळेवर हजर झाले. कचेरीसमोरच्या निंबाखाली बैल बांधले. आतून चपराशाने पुकारा केला, "चंपत वल्द देवा हाजिर है?" आबांनी वळून निंबाकडे बघितलं. चंपत रवंथ करत होता.

"हाजर हाय," ते म्हणाले.

साहेबाने मान वर न करता विचारलं, "बंडीवर झोपला होतास?"

"झोपलो होतो, साहेब."

"गुन्हा कबूल?"

"कबूल."

साहेब त्या दिवशी बऱ्या मनःस्थितीत असावा. त्याने दंड केला नाही. कोर्ट उठेपर्यंत इथेच बसून राहायचं, एवढीच शिक्षा दिली. कागदावर आबांचा अंगठा घेतला. तो त्यांनी मालक म्हणून दिला आणि व्हरांड्यात जाऊन बसले. शेजारी बेड्या घातलेला एक म्हशीचोर बसला होता. बाजाराला आलेल्या जऊळक्याच्या लोकांनी ह्या दोघांना मांडीला मांडी लावून बसलेलं बघितलं, आणि बाजारातून भाजीबरोबर ही बातमीही गावात आली.

आबांना फार लाज वाटली. घरी येऊन आजीला, म्हणजे हौसाबाईला, म्हणाले, "आता बंडीवर झोपीन तं पुंजाजी नाव नाई सांगनार." नाव त्यांनी तसंही सांगितलं नव्हतंच. पण शब्द पाळला. त्या दिवसापासून ते बंडीवर ताठ बसायला लागले. पापण्या जड झाल्या की तंबाखू तोंडात टाकायचे, ती पुरेनाशी झाली की खाली उतरून बैलांबरोबर चालायचे. पहाटेच्या अंधारात त्यांची ताठ पाठ बघून आजी दारातून हसायची.

"काहो, कोर्ट उठलं नाई का अजून?"

अशी बरीच वर्षं गेली. माझी आत्या आवडाबाई लग्नाची झाली. किन्हीराजाचे दौलतराव आमच्याच जातीतले, बागाईतवाले, बोलायला सडेतोड. त्यांच्या मुलासाठी मागणं आलं. तो मुलगा आत्याने एका लग्नात पंगतीला वाढताना पाहिला होता आणि तिला तो आवडला होता. हे ती मला म्हातारपणी सांगायची, तेव्हाही पदर तोंडाशी न्यायची. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आणि एक दिवस दौलतराव एकटेच आले, पाणीही न घेता ओट्यावर बसले.

"पुंजाजी, मले आडपडदा जमत नाई. लोकं म्हून राह्यले का तुमाले चोरीत सजा झाली."

"सजा झाली," आबा म्हणाले. "चोरीत नाई. बंडीवर झोपलो होतो."

"बंडीवर झोपल्याची सजा? अवो, अख्खं वऱ्हाड बंडीवर झोपत जाते!"

"मले झाली."

दौलतरावांनी मान हलवली. "मले पटते हो. पन माही भावकी मोठी हाय. उद्या पोरीले कोनी चोराची म्हनलं तं मी कोनाकोनाचं तोंड धरू? कचेरीत कागद असन. थो आना. आखाजीच्या आत आना, नाई तं आमाले दुसरीकडं पाहा लागन."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आत्या आत चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं आणि त्या दिवशी भाकरी करपली.

पुढच्या बाजारी आबा भाजी उतरवून थेट कचेरीत गेले. त्याच निंबाखाली मुनाफमिया सतरंजी टाकून बसायचे. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा. आबांनी हकीकत सांगितली.

"पुंजाजीभाऊ, कागद काढनं म्हंजे हिरीत पडेल घागर काढनं होय," मुनाफमिया म्हणाले. "गळ कुठी टाकाचा थे माईत पाह्यजे. कोनतं कोर्ट, कोनाचा मुकदमा, कायचा, अन कवाचा."

कोर्ट हेच. मुकदमा बंडीवर झोपल्याचा. नाव पुंजाजी. कवाचा, ते मात्र आबांना सांगता येईना. "बुध्याचा खांदा सुजला होता त्या साली" ही तारीख सरकारात चालत नाही. मुनाफमियांनी दोन-तीन सालं अंदाजाने घातली, अर्जाला तिकीट लावलं आणि खिडकीतून आत दिला. कोंडवाड्याच्या वहीत मालकाचं नाव वर असतं आणि ढोराचं वर्णन खाली. आबांनी धरून चाललं होतं की इथेही तसंच असणार.

पुढच्या बाजारी अर्ज परत मिळाला. मागच्या बाजूला लिहिलं होतं: शोध घेतला, पुंजाजी या नावाचा कोणताही मुकदमा मिळून येत नाही. खाली सही आणि शिक्का. रेकॉर्ड सांभाळणारे बाबू खिडकीतून म्हणाले की लहानसहान मुकदम्यांचे जुने कागद या उन्हाळ्यात जाळायचे आहेत, तेव्हा काय शोधायचं ते लवकर शोधा.

मुनाफमिया मात्र खूश झाले. "मंग तं काम फत्ते! सरकारनंच लिवून देलं का तुमच्यावर काई नाई. हाच कागद नेऊन दाखवा."

"अन मंग त्या दिशी व्हरांड्यात कोन बसलं होतं?" आबा म्हणाले. "लोकाईनं डोयानं पाह्यलं मले. आता कागदच नाई म्हनलं तं म्हनतील, पुंजाजीनं कागदई चोरला."

हे खरंच होतं. मुनाफमियांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्यांनी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला. "तुमच्या बाजूले कोन बसेल होतं?"

"म्हशीचोर. मंगरुळाकडचा."

"अरे, थो? त्याच्या मायचा अर्ज म्याच लिवला होता! थो मुकदमा मोठा. त्याचे कागद जाळत नाई."

म्हशीचोराच्या मुकदम्यात तारीख मिळाली. ज्या चोरामुळे आबांचं नाव खराब झालं, त्यानेच त्यांना दिवस शोधून दिला. त्याने आयुष्यात केलेलं एवढंच एक पुण्यकर्म असेल. बाबूंनी त्या दिवसाच्या लहान मुकदम्यांची वही काढली आणि चष्मा पुसून खिडकीतूनच वाचायला सुरुवात केली.

"सोमला, जंगलातलं लाकूड तोडणे. एक भांडण, दोन्ही पक्ष राजी. चंपत वल्द देवा, राहणार जऊळका, बंडीवर झोपणे—"

"थो!" आबा ओरडले. "थो तं माहा बैल व्हय!"

बाबूंनी चष्म्यावरून बघितलं. आजूबाजूची माणसंही बघायला लागली.

"कोण बैल?"

"चंपत. थ्या निंबाखाली बांधेल हाय. डावा."

मुनाफमिया हसून हसून सतरंजीवर लोळायचे बाकी राहिले. बाबू हसले नाहीत. ते आत गेले, मूळ कागद काढून घेऊन आले आणि बराच वेळ बघत बसले. वर चंपतचं नाव, बापाचं नाव, गाव. खाली अंगठा.

"हा अंगठा बैलाचा नाही," शेवटी ते म्हणाले, आणि मग मात्र त्यांनाही हसू आवरेना.

हसणं संपल्यावर त्यांनी आबांना नीट समजावलं. सरकारच्या दृष्टीने पुंजाजी नावाच्या माणसाला कधी शिक्षा झालेलीच नाही. झाली ती चंपतला. आता निकालातलं नाव बदलता येत नाही आणि बदलायची गरजही नाही. मिळून येत नाही असा कागद हातात आहेच, तो घ्या आणि घरी जा. हा दुसरा कागद उन्हाळ्यात जळून जाईल. मुनाफमियाही म्हणाले, "भाऊ, तुमी बेदाग. सरकारी शिक्क्यासगट बेदाग. पोरीचं लगन करा अन मले बुंदी पाठवा."

माझे काही शिकलेले भाऊबंद आबांना भोळे म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. भोळ्या माणसाला दोन वाटा दिसत नाहीत. आबांना त्या खिडकीपाशी दोन्ही स्वच्छ दिसत होत्या. एका वाटेवर आवडाचं लग्न जवळजवळ नक्की होतं. दुसरीवर लोक हसणार होते, आणि दौलतराव काय म्हणतील ते देव जाणे.

"थो कागद खरा हाय," आबा म्हणाले, "पन थो दाखवला का मी खोटा पडतो. दौलतरावले म्या सांगून देलं का मले सजा झाली. आता कागद दाखवून नाई झाली म्हनू? अन माही सजा बैलावर टाकू? त्यानं तं मले सीधं आनलं होतं. झोपलो मी होतो."

"मंग काय पाह्यजे तुमाले?"

"चंपतच्या कागदाची नक्कल."

नकलेसाठी पुन्हा अर्ज. त्यात एक ओळ असायची: आरोपीशी नातं काय. मुनाफमियांनी लेखणी थांबवून आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "मालक. दुसरं काय?" मुनाफमियांनी "मालक" लिहिलं. बाबूंनी ते वाचलं, खोकले, आणि शिक्का मारला.

आखाजीच्या आधी आबा किन्हीराजाला गेले. चंपत आता म्हातारा झाला होता, बाजाराखेरीज दुसऱ्या रस्त्याला ते त्याला जुंपत नसत, पण त्या दिवशी मुद्दाम जुंपला. दौलतरावांच्या ओट्यावर भावकी जमली होती. शाळेच्या मास्तरांनी नक्कल मोठ्याने वाचली. चंपत वल्द देवा, बंडीवर झोपणे, कोर्ट उठेपर्यंत बसणे.

"यात पुंजाजी कुठी हाय?" कोणीतरी विचारलं.

मग आबांनी सगळं सांगितलं. शिपाई काय म्हणाला, आपण काय म्हणालो, अंगठा कोणाचा. पुंजाजी नावाचा मुकदमा मिळत नाही असाही कागद मिळाला होता, पण तो आणला नाही, हेही सांगितलं. "नाव बैलाचं हाय. सजा माही हाय. चोरीची नाई, झोपेची. आता तुमी ठरवा," असं म्हणून ते खाली मान घालून बसले. ओटा हसून हसून लोटपोट झाला. दौलतराव तेवढे हसले नाहीत. उठून खाली उतरले आणि बंडीपाशी गेले.

त्यांनी जू वर उचलून चंपतचा खांदा बघितला. खांद्यावर गाठ नव्हती. पाठीवरून, मांडीवरून हात फिरवला. पराणी टोचल्याची एकही खूण नव्हती. खूर बघितले, दात बघितले. इतका वेळ बघितलं की ओट्यावरचं हसणं आपोआप थांबलं.

"शिपायानं धरलं तवा बंडी कोन्या बाजूनं होती?" त्यांनी विचारलं.

"आपल्या बाजूनं. डावीकडून."

"अन हाकनारा झोपेल?"

"झोपेल."

दौलतरावांनी चंपतच्या कपाळावर थोपटलं आणि घराकडे वळून आवाज दिला, "अरे, मुलजिमाले सरकीची ढेप टाका! अन आतून सुपारी आना. कोर्टाची तारीख झाली, आता लग्नाची काढू."

घरी आत्याचा दिवस कसा गेला ते तिने मला कितीदा तरी सांगितलं आहे. दुपारपासून ती मळ्याच्या बांधावर उभी होती. आबा बंडीवर ताठ बसायचे, त्यामुळे त्यांचं पागोटं लांबून दिसायचं, आणि ते कसं बसलेत यावरून ती बातमी ओळखणार होती. उन्हं उतरायला लागली तेव्हा वळणावर बंडी दिसली. चंपत पुढे, बुध्या त्याच्याबरोबर. पण बंडीवर पागोटं नव्हतं. कोणीच नव्हतं.

आत्याला वाटलं, बाप वाटेत कुठे पडला, की नकार ऐकून काही भलतंच करून बसला? ती अनवाणी ढेकळांतून पळत सुटली. बंडीपाशी पोचली आणि आत डोकावली.

आबा बंडीच्या तळाच्या साटीवर आडवे पसरले होते. पागोटं उशाला, तोंड उघडं, आणि घोरणं असं की बुध्याचे कान हलत होते. कासरा सुटून खाली लोंबत होता. बंडी रस्त्याच्या डाव्या अंगाने सरळ चालली होती.

आत्याला काही विचारावं लागलं नाही. ती मोठ्याने रडायला लागली, मग हसायला लागली, आणि बंडीच्या चाकाबरोबर चालत घरापर्यंत आली. अंगणात येऊन चंपत आपणहून थांबला. आजी कपाळावर हात धरून दारात आली. आधी पोरीचं तोंड बघितलं, मग बंडीत बघितलं. आत्या आबांना हलवणार तोच आजीने तिचा हात धरला.

"नोको उठवू त्याहिले," ती म्हणाली. "झोपू दे. कोर्ट आज उठलं."